पालथं पडण्याआधी

बाळाला उताणं निजवायचं. दुपटं सोडायचं, कुंची काढायची, अंगावर एक पातळ झबलं ठेवून हातपाय उघडे ठेवायचे. तोंडात चोखणी नको, समोर खुळखुळा नको, आईचं किंवा आजीचं बोबडं बोलणंही तेवढा वेळ थांबवायचं. बाळ जागं हवं, पोट भरलेलं हवं आणि रडत नसावं. मग त्याचं सगळं अंग चौकटीत मावेल असा मोबाइल धरून 3 ते 5 मिनिटांचं चित्रण करायचं. तज्ज्ञ हा व्हिडिओ बहुधा आवाज बंद करून पाहतात, कारण कुरकुर किंवा रडणं कानावर पडलं की पाहणाऱ्याचं लक्ष हालचालींवरून उडतं.

तपासणी एवढीच. सुई टोचायची नाही, भूल द्यायची नाही, बाळाला हातसुद्धा लावायचा नाही. तिचं नाव जनरल मूव्हमेंट्स असेसमेंट, दवाखान्यातल्या बोलीत ‘जीएमए’. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पुढे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व, होण्याची शक्यता किती, हे इतक्या लवकर आणि इतक्या भरवशानं सांगणाऱ्या पद्धती फार थोड्या आहेत. 2017 साली ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक आणि त्यांच्या जगभरच्या सहकाऱ्यांनी तोवरचा पुरावा एकत्र मांडला. पाच महिन्यांच्या आतल्या बाळात ही तपासणी सेरेब्रल पाल्सीची सुमारे 98 टक्के बाळं ओळखते, असं त्यात दिसलं. मेंदूच्या एमआरआयचा आकडा 86 ते 89 टक्क्यांच्या दरम्यान होता. तोवर जगभरात हे निदान साधारण 12 ते 24 महिन्यांच्या वयात होत असे. म्हणजे मूल बसत नाही, चालत नाही, हे सगळ्या घराला दिसून चुकल्यावर.

त्या पाच मिनिटांत पाहायचं काय? बाळ वळलं का, मान धरली का, हे बिलकूल पाहायचं नाही. ते उगाच जे हातपाय हलवत असतं तेच पाहायचं. पूर्ण दिवसांचं वय भरेपर्यंत आणि त्यानंतरचे सहा ते नऊ आठवडे बाळाची हालचाल सगळ्या अंगाची, संथ, पिळे घेणारी असते. हात आधी निघतो, मग मान, मग कुठला तरी पाय. जोर वाढतो, ओसरतो, आणि दोन वेळा नेमकं तेच घडत नाही. मग ही वळवळ विरते आणि तिच्या जागी चुळबुळ येते. मनगट, घोटा, मान, खांदा, धड, सगळीकडे बारीक, मध्यम वेगाच्या, सगळ्या दिशांनी होणाऱ्या हालचाली. या ‘फिजेटी मूव्हमेंट्स’ साधारण 9 व्या आठवड्यापासून 20 व्या आठवड्यापर्यंत दिसतात. 12 ते 16 आठवडे हा त्यांचा ऐन काळ. बाळ हेतूनं वस्तू पकडू लागलं की त्या निघून जातात. काही बाळांत त्या येतच नाहीत. काहींत त्याही आधी अंग आखडल्यासारखं दिसतं: हात, पाय, धड सगळं एकदम ताठ, मग सगळं एकदम सैल. असा ताठरपणा काही आठवडे टिकून राहिला तर तज्ज्ञ काळजीत पडतात.

इथे मोजपट्टी चालत नाही. ख्यालात बंदिश सुरू होण्याआधीच्या आलापात शब्द नसतात, ताल नसतो, तरी गळा तयार आहे की नाही हे कानसेनाला कळतं. तसा डोळा इथे तयार करावा लागतो. त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं आणि ते घेतलेल्या दोन तज्ज्ञांची मतं बहुतेक वेळा जुळतात. ‘नुसतं बघून काय कळणार’ असं म्हणणारे डॉक्टरही पुष्कळ होते. आजही आहेत.

असं बघायला शिकवणारा माणूस मुळात प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासातून आला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हाइन्झ प्रेख्टल 1927 साली व्हिएन्नात जन्मले. ते शिकत होते तेव्हा ऑस्ट्रियात कॉनराड लॉरेंझ यांच्यामुळे प्राण्यांना न छेडता, त्यांच्या जागी, तासन् तास पाहण्याची परंपरा घट्ट झाली होती, आणि प्रेख्टल त्याच मुशीतले. पुढे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात त्यांनी बाळांकडे तसंच पाहायला सुरुवात केली. तोवरचं बालमज्जाशास्त्र बाळाला टोचून, ठोकून, दचकवून पाहणारं होतं. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, डोकं मागे सोडलं की हात पसरतात का. म्हणजे बाळ एक प्रतिक्षिप्त क्रियांचं यंत्र. कोणी काही केलं नाही तर बाळ स्वतः काय करतं, हा प्रेख्टल यांचा प्रश्न होता.

गर्भाची सोनोग्राफी हाताशी आल्यावर उत्तर आणखी मागे गेलं. 1982 मध्ये योहाना द फ्रीस, खेरार्ड फिसर आणि प्रेख्टल यांनी गर्भाच्या हालचालींची नोंद प्रसिद्ध केली. गरोदरपणाच्या नवव्या-दहाव्या आठवड्यातच ही सर्वांगाची हालचाल सुरू झालेली असते. आईला पोटात बाळ फिरल्याचं कळतं त्याच्या कितीतरी आधी. बाहेरून कुणी ढोसत नसताना मेंदूतलं आणि मज्जारज्जूतलं जाळं आपण होऊन ती घडवतं. मग हे जाळं दुखावलं तर हालचालीची तऱ्हा बदलणारच.

1997 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधानं ही गोष्ट जगापुढे ठेवली. लेखकांत प्रेख्टल यांच्याबरोबर ग्रात्सच्या क्रिस्टा आइनश्पीलर, पिसाचे जोव्हानी चिओनी, ग्रोनिंगनचे आरी बॉस असे युरोपभरचे लोक. 130 बाळं, दोन वर्षांपर्यंतचा पाठपुरावा. ज्या 70 बाळांत चुळबुळ नीट दिसली त्यांतली 67 पुढे ठीक निघाली. ज्या 60 बाळांत ती नव्हती किंवा बिघडलेली होती, त्यांतल्या 57 जणांत मज्जासंस्थेचा दोष आढळला. पैकी 49 जणांना सेरेब्रल पाल्सी. त्याच बाळांच्या मेंदूच्या सोनोग्राफीचे अंदाज या बघण्याहून कमी अचूक ठरले.

मात्र दोन्हीकडची ती तीन-तीन बाळं विसरून चालत नाही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत दिसणारा हालचालींचा एकसुरीपणा फार भरवशाचा नसतो. त्यातली कितीतरी बाळं पुढे चांगली चुळबुळ करतात. म्हणून एका व्हिडिओवर निकाल देऊ नये, असं या पद्धतीचे जाणकारच सांगतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात लिली आणि व्हिक्टर डुबोवित्झ यांच्या कामातून आलेली 26 बाबींची, 78 गुणांची तपासणी सोबत करतात. शक्य असेल तिथे एमआरआय.

अपुऱ्या दिवसांच्या बाळातच हे इतकं का पाहायचं? 24 ते 32 आठवडे हा मेंदूतल्या पांढऱ्या भागाच्या बांधणीचा काळ. मज्जातंतूंना आवरण घालणाऱ्या पेशी तेव्हा कोवळ्या असतात. रक्तदाब घसरला, प्राणवायू कमी पडला, जंतुसंसर्ग झाला तर आधी त्या मरतात. हा भाग मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांलगत असतो आणि पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात. म्हणून या मुलांत हातांपेक्षा पाय जास्त आखडतात. टाळू भरलेली नसते तोवर तिच्यातून सोनोग्राफी करून मोठी इजा दिसते, बारीक इजा निसटते. लंगोट बांधताना मांड्या उघडत नाहीत, अंगठा मुठीत आतच राहतो, उभं धरलं की टाचा टेकत नाहीत, या आयांच्या तक्रारी इथून येतात. पण त्या यायला सहा-आठ महिने जातात.

2020 साली जगात अंदाजे 1 कोटी 34 लाख बाळं 37 आठवडे भरण्याआधी जन्मली, त्यांतली सुमारे 30 लाख भारतात. इतकी दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत. आपल्याकडे सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, अशी एक ठाम समजूत अजून आहे. ती सपशेल खोटी आहे. पोटात जाणारा प्रत्येक आठवडा बाळाच्या पारड्यात पडतो. बहुतेक बाळं 32 आठवड्यांनंतरची असतात आणि नीट वाढतात. सेरेब्रल पाल्सीचा धोका दीड किलोच्या आतल्या बाळांत शंभरात पाच ते दहांना, एवढा धरतात. म्हणजे शंभरातल्या नव्वद किंवा त्याहून अधिक बाळांना तो आजार होत नाही. त्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला जास्त छळतो.

त्याआधी वयाचा घोळ. समजा एखाद्या बाईला तुळशीच्या लग्नाच्या सुमाराची तारीख दिली होती आणि बाळ गणपतीतच आलं. जवळजवळ दहा आठवडे आधी. महाशिवरात्रीला घरच्यांच्या लेखी ते साडेपाच महिन्यांचं असतं. शेजारच्या साडेपाच महिन्यांच्या बाळाच्या पालथं पडण्याचे पेढे सगळ्यांनी खाल्लेले असतात. हे नुसतं पडून हातपाय हलवतं. वास्तविक त्याचं हिशेबाचं वय जेमतेम साडेतीन महिने. दोन वर्षांपर्यंत हे लवकर आलेले आठवडे वजा करूनच वाढ मोजायची असते. घरात मात्र दोन टोकं असतात. एक आत्या घाबरवते. दुसरी सांगते, ‘याचा बापही उशिराच चालला होता.’ दुसरीचं ऐकायला बरं वाटतं, त्यामुळे तिचंच ऐकलं जातं, आणि पाहण्याचा नेमका काळ निघून जातो. दुपट्याची पुरचुंडीही यात भर घालते. कमी वजनाच्या बाळाला ऊब हवीच, पण दिवसभर घट्ट गुंडाळलेल्या बाळाचे हातपाय कुणी पाहिलेलेच नसतात.

आपल्याकडे बाळांची वाढ मोजायचं काम नवं नाही, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी अमेरिकी बेली चाचणी भारतीय बाळांवर घासून पाहिली आणि इथली प्रमाणं काढली. त्यातून ‘डासी’ ही मोजणी आली: 67 बाबी हालचालींच्या, 163 बुद्धीच्या, वय 30 महिन्यांपर्यंत. त्याच बडोद्याच्या प्रमाणांतल्या 17 बाबी निवडून तिरुवनंतपुरमला डॉ. एम. के. सी. नायर यांनी एक पानी तक्ता केला. बाळाच्या वयावर उभी पट्टी ठेवायची आणि पट्टीच्या डावीकडे जे राहिलं ते बाळ करतं का, पाहायचं. अंगणवाडी सेविकेलाही जमेल असं हे काम. मांडी, गुडघा, घोटा यांचे कोन मोजायची फ्रेंच डॉक्टर क्लोदीन आमिएल-तिझोंची पद्धत तर बालरोगाच्या विद्यार्थ्यांना पाठच असते. या सगळ्या मोजण्यांत बाळाला काय येतं ते विचारतात. प्रेख्टल यांचा प्रश्न तो नव्हता, त्यामुळे एकाला दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

आणि मग पुणे. केईएम रुग्णालयात, जिथे डॉ. आनंद पंडित बालरोग विभाग पाहत, 1987 ते 1989 या काळात नवजात विभागातून घरी गेलेल्या 2000 ग्रॅमच्या आतल्या बाळांचा एक गट डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुराव्यासाठी धरला. धरला म्हणजे सोडलाच नाही. सहा वर्षांचे निष्कर्ष 1999 मध्ये आले, बारा वर्षांचे 2004 मध्ये, आणि पुढे ही मुलं सज्ञान होईपर्यंत. ‘पुणे लो बर्थ वेट स्टडी’ या नावानं हे काम ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये छापून आलं. आपल्याकडे बारशाला आलेले पाहुणे मुंजीला सापडत नाहीत. भाड्याची घरं बदलतात, बदल्या होतात, बाप वारतो, आई माहेरी जाते. तेव्हा ना मोबाइल होते ना संगणकातल्या नोंदी. अशा शहरात शे-दीडशे कुटुंबांना अठरा वर्षं पुन्हा पुन्हा दवाखान्यात बोलावणं, आणि त्यांनी येणं, हा या अभ्यासाचा अर्धा मोठेपणा आहे. शोधनिबंधात तो दिसत नाही.

निष्कर्ष बेताचे, म्हणून खरे वाटणारे आहेत. ज्यांना उघड अपंगत्व नव्हतं अशा या मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती, पण पूर्ण वजनाच्या बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी. लवकर जन्मलेली आणि त्यातही आठवड्यांच्या मानानं वाढ खुंटलेली मुलं सर्वांत मागे. बाराव्या वर्षी डोळ्यांनी पाहून हातानं करायच्या कामात आणि अंगाच्या चपळाईत ही मुलं कच्ची दिसली. लिहिण्यात आणि गणितात अडचणी निघाल्या. आईच्या शिक्षणाचा मुलाच्या गुणांशी असलेला संबंधही दिसला. तो वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण नवजात विभागातल्या कुठल्याही यंत्रावर आईचं शिक्षण बदलण्याचं बटण नसतं.

म्हणजे चालणारं, बोलणारं, नापास न होणारं मूल. त्याचं अक्षर गचाळ, शर्टाची बटणं लावायला वेळ, खो-खोत कुणी संघात घेत नाही, झेल सुटतो. गुरुजी म्हणतात आळशी आहे. युरोप-अमेरिकेतल्या पाहण्यांतही फार लवकर जन्मलेल्या मुलांत हालचालींचा हा अडखळ बरोबरीच्या मुलांहून कितीतरी पटींनी जास्त दिसतो. तिसऱ्या महिन्यातल्या व्हिडिओत याची चाहूल लागते का? ग्रोनिंगनच्या गटानं लहानपणी चित्रित केलेल्या मुलांना शाळेच्या वयात तपासून 2009 साली निष्कर्ष छापले, तेव्हा हालचालींची प्रत आणि बुद्धीचे गुण यांच्यात नातं सापडलं. पण हे नातं गटाच्या सरासरीचं. एका मुलाच्या आईला ‘याचं गणित कच्चं राहील’ असं त्यावरून सांगणारा डॉक्टर भेटला, तर तिनं उठून बाहेर यावं.

मेंदू वाचवायच्या गोष्टी खरं तर त्याहून आधी सुरू होतात. त्यातली एक मला नेहमी गमतीची वाटते. श्वास मध्येच थांबणाऱ्या बाळांना कॅफीन देतात, आपल्या चहा-कॉफीतलंच. सव्वा किलोच्या आतल्या 2006 बाळांवर झालेल्या मोठ्या चाचणीत कॅफीन मिळालेल्यांत सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण 4.4 टक्के निघालं, न मिळालेल्यांत 7.3. कांगारू पद्धतीनं बाळ छातीशी बांधणं 1978 मध्ये बोगोटात इनक्युबेटर कमी पडले म्हणून सुरू झालं. काचेची पेटी मिळाली नाही म्हणून हळहळणाऱ्या घरांना हे कुणी सांगत नाही.

धोका कळल्यावर करायचं काय, यावर मात्र उत्साहाला आवर घालावा लागतो. मेलबर्नच्या अॅलिशिया स्पिटल आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या लवकर सुरू केलेल्या उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. शाळेआधीच्या वयापर्यंत बुद्धीच्या वाढीत फायदा दिसला, हालचालींत फारच थोडा. हातपाय दुसऱ्यानं हलवून देणाऱ्या जुन्या मालीशवजा व्यायामांवरचा तज्ज्ञांचा विश्वास उडाला आहे. बाळानं स्वतः हात पुढे करावा, त्यासाठी घर, खेळणं, जमीन यांची मांडणी करायची, हा आता भर आहे. कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सीबरोबर ऑस्ट्रेलियन संशोधकांनी आखलेल्या चाचणीत प्रशिक्षित स्थानिक बायाच घरोघर जाऊन आईला हे शिकवतात. आईच्या रोजच्या कामातून, न्हाऊमाखू घालण्यातून. थेरपीच्या खोलीत आठवड्यातून पाऊण तास मिळतो. उरलेला आठवडा घरीच जातो. आणि एक कळकळीची विनंती: बाळाला बसवून ढकलायचा तो प्लास्टिकचा वॉकर भेट देऊ नका. कॅनडानं 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. जुना लाकडी पांगुळगाडा निदान मूल स्वतः ढकलायचं.

व्यवस्था कागदावर चांगली आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या बायांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. 39 गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि आशाताईंच्या घरभेटींचा देशभरचा कार्यक्रम त्यातून घडला. 2018 पासून त्या 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यातही जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, विकासात मागे असलेल्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र. धागा तुटतो तो नवजात विभागातून घरी गेल्यावर. अशा विभागाबाहेर सकाळी उभं राहिलं की कळतं. पहिल्या भेटीला डोळ्यांच्या पडद्याची तपासणी असते, वजन असतं, लस असते, तेव्हा सगळे येतात. चौथ्या महिन्याला काही दुखत नसतं. तालुक्यापासून जिल्ह्याला जायचं म्हणजे बापाची एक रोजंदारी आणि एसटीचे दोन वेळचे पैसे. व्हिडिओ घरूनच पाठवता येतो, हा मोबाइलवरच्या तपासणीचा खरा उपयोग इथे आहे. मेलबर्नमध्ये त्यासाठी अॅप आहे. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे संशोधक संगणकालाच ही चुळबुळ ओळखायला शिकवत आहेत. इथल्या आशाताईच्या हातात फोन आहे. तो व्हिडिओ पाहणारे तयार डोळे जिल्ह्याच्या केंद्रात किती आहेत, हा पैशांचा आणि नेमणुकांचा प्रश्न आहे, आणि तो तसाच विचारायला हवा.

शाळा तर या सगळ्याच्या बाहेरच आहे. प्रवेशअर्जात जन्मतारीख, आधार क्रमांक, रक्तगट, जात सगळं असतं. जन्म कितव्या आठवड्यातला हा रकाना नसतो. बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांनी ‘आता ठीक आहे’ म्हणून सोडतात आणि लिहिण्याची अडचण उगवते ती तिसरी-चौथीत. अध्ययन अक्षमतेची तपासणी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी होते. तिथल्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तिथे जन्माचा इतिहास सुरुवातीलाच विचारतात. ‘पेटीत होता थोडे दिवस’ एवढं उत्तर पुरत नाही. आठवडे, वजन, सोनोग्राफीत काय दिसलं, श्वासाचं यंत्र किती दिवस, हे सगळं डिस्चार्ज कार्डावर असतं. ते लसीकरणाच्या पुस्तिकेबरोबर जपावं. सहाव्या वर्षी मूल चांगलं धावत असलं तरी त्याच्या हाताचं आणि डोळ्यांचं जमतं का, हे एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून पाहून घ्यावं. आणि त्या कार्डाची एक झेरॉक्स पहिलीच्या बाईंना द्यायला हरकत नाही.